साडूभाऊंचा मधमाश्यांचा पोशाख

परमेश्वराने माणसाला नुसत्या कातडीवर या जगात पाठवलं ही त्याची घोडचूक आहे, असं चारचौघांत बजावून सांगणारा आणि ती चूक निस्तरण्यात उभं आयुष्य घालवणारा एकच माणूस मी पाहिला. तो माझा सख्खा साडू. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. सातपूरच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात सव्वीस वर्षं होते. तिथे दिवसभर लोखंडी दांडे मोजायचे, संध्याकाळी बसमधून घरी येताना शेजारच्या प्रवाशाच्या चपलेचा अंगठा किती झिजलाय ते मोजायचे, आणि घरी आल्यावर बायकोने केलेल्या पोळीची जाडी. "गेंडा बघा, कासव बघा, अहो, साधा फणस बघा," ते मला म्हणत. "सगळ्यांना पोशाख देऊन पाठवलंय. आपल्यालाच तेवढं उघडं सोडलं!" एवढं बोलून ते इतक्या दुःखाने स्वतःच्या मनगटाकडे बघत, की मलाही अंगावर शाल घ्यावीशी वाटे.

पोशाखाशिवाय त्यांनी आयुष्यात एकही काम केलं नाही. मोहरी तडतडते म्हणून फोडणी घालताना कारखान्यातला चष्मा. नारळ खोवताना डाव्या हाताला कातडी मोजा. रेनकोट घेतला की एप्रिलमध्येच तो घालून न्हाणीघरात पाऊण तास नळाखाली उभं राहायचं आणि बाहेर येऊन बनियन कुठे कुठे ओलं झालं त्याचा नकाशा काढायचा. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडी उघडतात, रंगाने भरलेल्या त्या दगडी हौदात अख्खं गाव धाडधाड उड्या मारतं. आमचे साडूभाऊ काठावर आले ते अंगभर खोबरेल, कानात कापूस आणि नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून. मागून कोणीतरी ओरडलं, "काका, उडी मारताय का वाळत पडताय?" साडूभाऊंनी अत्यंत शांतपणे चिमटा एकदा तपासला आणि उडी मारली. बाकीचे आठ दिवस हिरव्या कानांनी फिरले. यांचे कान दुसऱ्या दिवशी लग्नाला नेण्यासारखे होते. या माणसाची चेष्टा करावी की याला नमस्कार करावा, हा प्रश्न मला तेव्हापासून पडलेला आहे. मी आलटून पालटून दोन्ही करत आलो.

नव्वदचं दशक संपता संपता कारखान्याने माणसं कमी केली. साडूभाऊ स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले आणि मोजायला काही उरलं नाही. नेमके त्याच सुमाराला आमचे सासरे अडचणीत आले. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो, सासूबाईंना मामी. वणीच्या रस्त्याला त्यांची शेती. भाजीपाला, थोडी द्राक्षं. पण मामांचा जीव होता एका कांद्यात. लालभडक, थोडा चपटा, जिभेला आधी गोड लागणारा आणि मग डोळ्यांतून पाणी काढणारा. त्याचं बी मामांच्या आईच्या माहेरून आलेलं. दर वर्षी मामा चांगले कांदे निवडून पुन्हा जमिनीत लावायचे. त्यांना गुडघ्याएवढे दांडे यायचे, दांड्यावर पांढऱ्या फुलांचा चेंडू, आणि चेंडूत काळं बी. असं पन्नासेक वर्षं चाललं. पण आजूबाजूला सगळीकडे बागा झाल्या, फवारण्या वाढल्या आणि मधमाश्या दिसेनाशा झाल्या. माशी नाही तर फुलातलं बी धरत नाही. सलग दोन वर्षं मामांचे चेंडू पोकळ निघाले. मामांनी हाताला धोतराचं फडकं गुंडाळून एकेक फूल कुरवाळून पाहिलं, त्यानेही काही झालं नाही. कांद्याचं बी साठवून ठेवता येत नाही, जुनं झालं की उगवत नाही. मामांकडे त्या जातीचे शेवटचे गोणीभर कांदे उरले होते. "यंदा धरलं तर धरलं," मामा म्हणाले. "न्हाय तर आईचा कांदा माझ्या हातानं संपला, असं समजायचं."

तेव्हा कोपऱ्यातून साडूभाऊ म्हणाले, "मामा, माश्या मी आणतो."

मामांचा चेहरा उजळला. तो पुरता उजळायच्या आत साडूभाऊ पुढे म्हणाले, "पण आधी कपडे."

त्या वर्षी आश्विन अधिक आला होता. आमच्याकडे अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात. त्यात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे आणि तेहतीस अनारसे खाऊ घालायचे आणि कपड्यांचा आहेर करायचा. जावई या प्राण्याला तीन वर्षांतून एकदा देवत्व मिळतं ते हेच. मामा आम्हा दोघांना घेऊन नाशकात मेन रोडवरच्या कापड दुकानात गेले. मी सात मिनिटांत गडद काळपट निळं सफारीचं कापड पसंत केलं. साडूभाऊंनी गादीवर मांडी घातली, खिशातून गोधडी शिवायची सुई काढली आणि दुकानदाराला म्हणाले, "पांढऱ्यात दाखवा. गुळगुळीत पाहिजे. लव असलेलं नको, माशीचा पाय अडकला की ती चिडते." सुईच्या टोकापासून मधमाशीच्या नांगीएवढ्या अंतरावर त्यांनी मेहुणीच्या नेलपॉलिशची लाल खूण केली होती. प्रत्येक ठाणाची घडी बोटावर ताणायची, सुई टोचायची आणि खुणेपर्यंत गेली का ते बघायचं. अकराव्या ठाणाला दुकानदाराने हात जोडले. "साहेब, कापड अंगात घालायला हवंय का टोचायला?"

"दोन्हीला," साडूभाऊ म्हणाले. "घालणार मी, टोचणार त्या."

मामा दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले होते. आपण जावई शोधायला निघालो तेव्हा आपल्याला नक्की काय झालं होतं, असा काहीसा विचार त्यांच्या मनात चालला असावा.

माशी या विषयाचा साडूभाऊंनी घरात असा अभ्यास केला होता, की आमच्या मेहुणीला झोपेतही त्यावर प्रश्न विचारता आले असते. माशीला काळा रंग आणि केस खपत नाहीत, कारण तिच्या डोक्यात तो अस्वलाचा रंग. म्हणून पोशाख पांढराच. अत्तर, पावडर, सुगंधी तेल बंद. आणि केळं! माशी डंख मारते तेव्हा पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि तो आला की बाकीच्या माश्या चालून येतात. "कारखान्यात आग लागली की भोंगा होतो ना? केळं म्हणजे माश्यांचा भोंगा," असं सांगून त्यांनी घरात केळं आणायला बंदी केली. त्यांच्याकडे सत्यनारायण झाला तेव्हा गुरुजी म्हणाले, "प्रसादाला केळं लागतं हो." साडूभाऊ म्हणाले, "देवाला समजावून सांगा." गुरुजी खरंच पोथी मिटून दोन मिनिटं विचार करत बसले. शेवटी शिऱ्यात पपई गेली.

शिंप्याची तर त्यांनी परीक्षाच घेतली. कापड कितीही जाड असलं तरी जिथे ते अंगाला चिकटतं तिथे नांगी पोचते, म्हणून पोशाख अंगाला कुठेही लागता कामा नये, अशी अट. शिंपी टेप गळ्यात घालून हताश उभा. "काका, कुठंच लागायचा नाही म्हणता. मग मी माप कशाचं घेऊ?" तोंडावरच्या जाळीसाठी पांढरी मच्छरदाणी फाडून पाहिली, पण उन्हात ती चकाकायची आणि समोरचं दिसायचं नाही. मग आम्ही दोघं स्कूटरवर दूध बाजारात गेलो. तिथे जाळीचं कापड विकणारे एक वृद्ध चाचा होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पांढरी दाढी कुरवाळली आणि म्हणाले, "भाईसाब, सामनेवाली जाली काली ही रखो. काली में से आँख को साफ दिखता है. घर में औरतों से पूछ लेना." काळा रंग साडूभाऊंच्या तत्त्वात बसत नव्हता. त्यांनी जाळी तोंडावर धरून दुकानाबाहेर, रस्त्यावर, पलीकडच्या भिंतीवर पाहिलं. मग परत येऊन चाचांना वाकून आदाब केला. पुढचा महिनाभर ते सगळ्यांना सांगत होते, की सव्वीस वर्षांच्या नोकरीत आपली चूक अशी एका वाक्यात कोणी दाखवली नव्हती.

जाळी नाकाला लागू नये म्हणून टोपीच्या जागी बांबूची दुरडी उपडी केली. साडूभाऊंचं नाक हे आमच्या सासरच्या घराण्याला बाहेरून लाभलेलं वैभव आहे, त्यामुळे दुरडी मोठी घ्यावी लागली. हातात कोपरापर्यंत येणारे रबरी मोजे. ते घालून बोटांना काही कळत नाही, म्हणून आठवडाभर मोजे घालूनच तीळ वेचायचा सराव केला. शेवटी पायात पांढरे गमबूट. "माशी नेहमी वर चढते," ते म्हणत. "म्हणजे खरी वेस घोट्याजवळ आहे."

आणि मग तो आहेराचा दिवस आला. रीत अशी, की आहेर जावयाने लगेच अंगात घालायचा आणि पाटावर बसायचं. मी नव्या सफारीत बसलो. माझ्याशेजारी गमबुटांसकट, दुरडीसकट, पांढऱ्याशुभ्र तंबूत साडूभाऊ बसले. मळ्यातलं कुत्रं जे भुंकायला लागलं ते संध्याकाळपर्यंत थांबलं नाही. मामी औक्षणाचं ताट घेऊन आल्या आणि त्यांना कपाळ सापडेना. दोनदा अंदाज घेऊन शेवटी त्यांनी जाळीवरच कुंकू टेकवलं. अक्षता दुरडीत साठल्या. तेहतीस अनारशांचं ताट समोर ठेवून मामी म्हणाल्या, "जावईबापू, आता तोंड तरी उघडा."

आतून आवाज आला, "मामी, जाळी उघडली की संरक्षण शून्य."

मी हसून हसून पाटावरून पडलो. मामा मात्र हसले नाहीत. त्यांनी साडूभाऊंच्या बाहीचं कापड चिमटीत धरून पाहिलं आणि म्हणाले, "टिकंल."

कांदे जमिनीत गेले. थंडी पडली. दांडे आले. साडूभाऊंचं चालूच होतं. मामांचा दर आठवड्याला फोन. "जावईबापू, कळ्या धरल्या. कपडे झाले का?" "मामा, चेन बदलतोय." पुढच्या आठवड्यात, "जावईबापू, चेंडू फुटायला लागले." "मामा, सगळं झालंय. फक्त टाचेजवळ जरा शंका आहे." मग एके दिवशी मामा फोन न करता एसटीने सातपूरला आले. मी तिथेच होतो. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली. टोपीत कांद्याचं एक पांढरंशुभ्र फुललेलं बोंड होतं. "हे पंधरा दिवस असं राहील," मामा म्हणाले. "त्याच्या पुढं तुम्ही माश्या आणल्या काय आन् हत्ती आणला काय." चहा न घेता ते निघून गेले. साडूभाऊ त्या बोंडाकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "साडू, स्कूटर काढा. टाच तशीच राहू द्या."

पेठच्या पुढे एका पाड्यावर एक बाई सातेरी माश्यांच्या पेट्या पाळते, असं कळलं होतं. सातेरी म्हणजे आपली छोटी, पेटीत राहणारी माशी. बाई पन्नाशीची, काटक. आम्ही गेलो तेव्हा ती उघड्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून उभी होती आणि माश्या तिच्या दंडावरून रस्ता असल्यासारख्या जात-येत होत्या. साडूभाऊ वीस पावलांवर थांबले आणि वही काढून त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही पेटी उघडताना अंगात काय घालता?"

बाईने स्वतःकडे एकदा बघून घेतलं. "लुगडं."

"नाही, म्हणजे अंगाला काही लावता का?"

"सकाळच्याला आंघोळ करते."

साडूभाऊंनी दोन्ही उत्तरं वहीत लिहिली. तिच्याकडे देण्याजोगी पेटी एकच होती. मामांच्या त्या तुकड्याला तेवढी पुरेशी होती. पण दुसरी नव्हती, हे आम्हाला नीट कळलं.

दोन दिवसांनी बाई आणि तिचा भाऊ जीपमधून उजाडताना पेटी घेऊन मळ्यात आले. बांधावर, पूर्वेला तोंड करून बाईने पेटी मांडली, दार मोकळं केलं आणि सगळ्यांना सांगितलं, "आज हिला कोणी हात लावायचा नाय. नवी जागा हाय, रुसली तर पेटी सोडून जातील. मी गडावर देवीला जाऊन येते, सांजच्याला बघते." ती गडावर गेली. साडूभाऊंनी पोशाख चढवला आणि पेटीपासून दहा पावलांवर पहारेकऱ्यासारखे उभे राहिले. दुपारपर्यंत माश्या फुलांवर जायला लागल्या. मामा बांधावर बसून ते बघत होते. कितीतरी दिवसांनी त्यांनी स्वतःहून तंबाखू मळली.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि म्हणूनच मामींना वाटलं, की आपण काहीतरी केलं पाहिजे.

संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी यायची होती. मधल्या दिवसांत घरोघरी हळदीकुंकू. मामींचं त्याच दुपारी होतं. संक्रांतीचं म्हणून वस्तीवरच्या झाडून साऱ्या बायका काळ्या साड्या नेसून आलेल्या. मामींच्या अंगावर काळी चंद्रकळा. हातावर अत्तर, डोक्यात गजरे, गुलाबपाण्याचा फवारा, सगळं रीतसर. आणि आमच्याकडे विहिरीवर नवी मोटार बसवली काय, नवा ट्रॅक्टर आला काय, पूजा झाल्याशिवाय ते घरचं होत नाही. तीनच्या सुमाराला मी सहज वळून पाहिलं तर मामी ताट घेऊन बांधावरून चालत येत होत्या आणि मागे पंधरा-वीस काळ्या साड्या. माश्यांच्या हिशोबाने अस्वलांचा मोर्चा!

"मामी, थांबा!" साडूभाऊ दुरडीच्या आतून ओरडले. जाळीतून ते शब्द मामींपर्यंत आशीर्वादासारखे पोचले असावेत, कारण त्या हसल्या. साडूभाऊंनी उजवा हात वर केला, चौकातल्या पोलिसासारखा. मामींना वाटलं, जावई उत्साहात आहेत. जावयाने सासूच्या हाताला धरून ओढायची रीत नाही, त्यामुळे साडूभाऊ हात वर करून जागच्या जागी तडफडत राहिले. मामींनी पेटीला हळदकुंकू लावलं. अत्तराचं बोट लावलं. गुलाबपाणी शिंपडलं. नैवेद्य म्हणून पेटीच्या दाराशी सोललेलं केळं ठेवलं. आणि मग पेटीखालच्या दगडावर, सगळ्या ताकदीनिशी, नारळ फोडला.

पेटीतून आधी नुसता आवाज आला. मग दारातून माश्या उकळत्या दुधासारख्या वर आल्या. काळ्या साड्यांनी जी धूम ठोकली तिला तोड नव्हती. ज्या बाईंना घरातून ओसरीवर यायला काठी लागत असे त्या सर्वांत पुढे होत्या. मामींच्या हातातलं ताट कोथिंबिरीच्या वाफ्यात गेलं. मी जागचा हललो नाही. हे धैर्य नव्हतं, माझे पाय माझं ऐकत नव्हते. अंगात धोंड्याच्या आहेराची काळपट सफारी होती. एक माशी नाकावर आणि दोन कानावर बसल्या आणि पुढचा काही वेळ मी फक्त ऐकला.

डोळे उघडले तेव्हा साऱ्या माश्या पेटी सोडून हवेत घोंघावत होत्या. त्यांच्यामधून राणी बाहेर पडली होती. आता पाच मिनिटांत ढग उचलला जाईल, डोंगराकडे जाईल, आणि कांदा संपला. मामा उभे राहिले होते. आणि तेवढ्यात त्या ढगाला बसायला जागा सापडली. मळ्यात सर्वांत उंच, सर्वांत पांढरी, अजिबात न हलणारी एक फांदी होती. ती साडूभाऊंचा उजवा हात होता.

मनगटापासून कोपरापर्यंत माश्या बसल्या. त्यांच्यावर माश्या, त्यांना लोंबून आणखी माश्या. बघता बघता हाताखाली द्राक्षाच्या घडासारखा एक तपकिरी जिवंत घड लोंबायला लागला. सगळं शांत झालं. दुरडीच्या आतून आवाज आला, "साडू."

"अं," मी नाक धरून म्हणालो.

"माझ्या हातावर काय आहे?"

"सगळ्या आहेत."

दुरडी हळूच त्या हाताकडे वळली. मग ते म्हणाले, "बाई कधी येणार?"

"संध्याकाळी."

"बरं," साडूभाऊ म्हणाले.

ज्या माणसाने आदल्या दिवसापर्यंत जिवंत मधमाशी वीस पावलांच्या आत पाहिली नव्हती तो त्या जागी साडेतीन तास हात वर करून उभा राहिला. मी चेष्टेखोर माणूस आहे, पण हे लिहिताना मला चेष्टा सुचत नाही. हात खाली आला असता तर माश्या उठल्या असत्या, हे त्यांना ठाऊक होतं. डाव्या हाताने त्यांनी उजव्या कोपराला टेकू दिला. मेहुणीने बांधावरून विचारलं, "अहो, पाणी देऊ का?" ते म्हणाले, "नको. पाणी प्यायलं की पुढचा प्रश्न येतो, आणि या पोशाखाला तशी सोय ठेवलेली नाही." चारच्या पुढे ते एकदम म्हणाले, "एक आत आली आहे." आम्ही सगळे ताठ झालो. "कुठून?" मी विचारलं. "टाचेतून. मी म्हटलं होतं." मग त्यांनी तपासणी खात्याच्या आवाजात खबर द्यायला सुरुवात केली. "पोटरीवर आहे... गुडघा... थांबली आहे... मांडी." मेहुणीने तोंडात पदर कोंबला. पाच-दहा सेकंद गेली. "बसला," साडूभाऊ म्हणाले. हात तसूभरही हलला नव्हता.

मामा समोर ओल्या मातीत उकिडवे बसले होते. सबंध वेळ ते तिथून उठले नाहीत. "जावईबापू," ते एकदा म्हणाले, "राहू द्या आता. लय झालं. कांद्यासाठी मानूस मोडायचं नसतं."

"मामा, मी मोडत नाही," दुरडीतून उत्तर आलं. "मापात आहे."

दिवस मावळताना बाई आली. कपाळाला गडावरचा शेंदूर, खांद्याला पिशवी. तिने दुरूनच सगळं ओळखलं. बांधावरचं केळं उचलून लांब फेकलं, पेटी आणून साडूभाऊंच्या हाताखाली धरायला मामांना सांगितली, आणि त्या घडात उघडा हात घालून धान्य चाळावं तशी ती राणी शोधायला लागली. राणी सापडल्यावर तिने ती अलगद आत सोडली आणि साडूभाऊंच्या मनगटाला खाली एक हिसका दिला. घड पेटीत पडला. उरलेल्या माश्या रांगेने आत गेल्या. बाईने पोशाखावरून एकदा नजर फिरवली. "कपडा बरा हाय," ती म्हणाली. "पन त्या ऱ्हायल्या ते तुमी हालला नाय म्हनून."

दुरडी काढली तेव्हा साडूभाऊंचा चेहरा घामाने पांढरा पडला होता. ते मटकन खाली बसले. मामी रडत आल्या. "माझ्या हातानं घात झाला असता हो, जावईबापू." साडूभाऊ उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवत होते, तो त्यांचा त्यांना उचलत नव्हता. त्यांनी मामींकडे बघितलं आणि म्हणाले, "नारळ मात्र एका घावात फुटला, मामी."

नंतर कधीतरी मी त्यांना विचारलं, की त्या साडेतीन तासांत मनात काय चाललं होतं. मला वाटलं, आता कापडाच्या विणीवर व्याख्यान होणार. ते म्हणाले, "अहो साडू, एवढ्या हजारो असतात, पण वजन किती भरतं माहीत आहे? दुपट्यात गुंडाळलेलं नवं बाळ हातात देतात ना, त्याच्याहून कमी. आणि ऊब येते. रबरी मोज्यातूनसुद्धा येते. हात अवघडतो, पण खाली ठेववत नाही."

एप्रिलमध्ये मामांनी आम्हाला पुन्हा बोलावलं. बोंडं वाळवून, चोळून, पाखडून ठेवली होती. सुपात काळं बी होतं, पण बी दिसलं म्हणजे भरलेलं असतं असं नाही. मामांनी बादलीत विहिरीचं पाणी घेतलं आणि मूठभर बी त्यात सोडलं. पोकळ बी वर तरंगतं, भरलेलं तळाला जातं. आधी सगळंच पाण्यावर पसरलं. मामांनी हात आत घालून एकदा ढवळलं आणि हात काढून घेतला. आम्ही तिघं बादलीवर वाकलो. एक दाणा खाली गेला. मग दोन. मग पाण्याच्या आत बारीक काळा पाऊस पडायला लागला. साडूभाऊंनी आयुष्यात प्रथमच काही मोजलं नाही. मामांनी ओला हात त्यांच्या मनगटावर ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

मामांना त्यानंतर कांद्याचे दोनच हंगाम मिळाले. आता ते नाहीत. तो तुकडा साडूभाऊ सांभाळतात. सातपूरहून एसटीने जातात, वय झालंय, दांड्यांमध्ये वाकताना कंबर धरावी लागते. एप्रिलमध्ये मला फोन येतो, "साडू, रविवारी या." मी जातो. आम्ही दोघं विहिरीचं पाणी काढतो, मूठभर बी सोडतो आणि बादलीच्या दोन बाजूंना बसतो. हल्ली ते मला ढवळायला सांगतात, त्यांचा उजवा हात जरा कापतो. शेवटचा दाणा तळाला टेकेपर्यंत आम्ही दोघंही उठत नाही.